सोसायचं नाही, सांगायचं

परळला डॉ. बोर्जेस मार्गावर सकाळी सातला उभं राहिलं की निम्म्या देशाच्या बोली कानावर पडतात. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, भोजपुरी, बंगाली. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या फाटकाशी काखेत फाइल, तोंडाला मास्क आणि हातात पाण्याची बाटली घेतलेली माणसं एकमेकांची नावं न विचारता थेट मुद्द्यावर येतात. 'तुमची कितवी?' 'चौथी. काउंट आला तर आज, नाहीतर पुढच्या आठवड्यात.' हा इथला रामराम.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू झालं तेव्हा कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हेच दोन मुख्य उपाय होते. केमोथेरपी त्यानंतर आली आणि आज इथं पहिल्यांदा येणाऱ्याला आजाराइतकीच, कधी कधी त्याहून जास्त, धास्ती असते ती तिचीच. गावाकडं कुणीतरी सांगितलेलं असतं, 'कॅन्सरनं नाही हो, केमोनं गेला.' ही भीती अगदीच निराधार नाही; औषधं जहाल आहेतच. पण या भीतीवर आपल्याकडे जो उतारा सर्रास दिला जातो, 'दात-ओठ खाऊन काढायचे हे दिवस', तोच माणसाला जास्त गोत्यात आणतो. केमोचे बहुतेक त्रास आज पुष्कळ प्रमाणात आटोक्यात ठेवता येतात. त्यासाठी ते वेळेवर कुणाला तरी सांगावे लागतात, आणि नेमकं तेच आपल्याला जमत नाही.

मास्तरांची वही

दादरच्या एका धर्मशाळेत मास्तर भेटले. शाळामास्तर नव्हेत, एसटीचे निवृत्त कंडक्टर, बीड जिल्ह्यातले. बायकोला स्तनाचा कर्करोग. शस्त्रक्रिया झालेली, दर एकवीस दिवसांनी केमो. धर्मशाळेत सगळे त्यांच्या बायकोला काकू म्हणतात. मास्तरांच्या पिशवीत दोनशे पानी वही असते आणि ती त्यांनी वेबिल भरावं तशी भरलेली आहे. पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, ताप, उलटी, संडास, पाणी किती, जेवण काय, आणि शेवटचा रकाना 'कुणाला सांगितलं'.

ही वही पहिल्या दिवसापासून नव्हती. दुसऱ्या केमोनंतर दोघं गावी गेले. दहाव्या दिवशी काकूंना कणकण वाटायला लागली. घरात महालक्ष्म्या बसलेल्या. पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, लेकीबाळी आलेल्या. काकूंनी तापाची गोळी घेतली आणि कामाला लागल्या. ताप उतरला, पुन्हा चढला, पुन्हा गोळी. 'सणासुदीचं कुठं सांगत बसू? सगळ्यांच्या तोंडचा घास कडू करायचा का?' हे त्यांचं म्हणणं. तिसऱ्या रात्री हुडहुडी भरली, शुद्ध हरपत चालली, तेव्हा जीप काढून जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. पांढऱ्या पेशी पार तळाला गेलेल्या. आठवडाभर शिरेतून अँटिबायोटिक चालू होती. वाचल्या.

मास्तर म्हणाले, 'डेपोत एक रुपया कमी भरला तर मी त्याच रात्री सांगायचो. आणि घरात बाईला तीन दिवस ताप, मला पत्ता नाही.'

काकू लगेच म्हणाल्या, 'अहो, तुम्ही विचारलं कुठं?'

सदाफुली आणि नरक्या

केमोचं तत्त्व सोपं आहे, आणि तिचे दुष्परिणामही त्याच तत्त्वातून निघतात. कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात. औषध विभागणाऱ्या पेशींना गाठतं. पण शरीरात भराभर विभागणाऱ्या चांगल्या पेशीही असतात. हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या, केसांच्या मुळाशी असलेल्या. औषधाला त्यांच्यात फरक करता येत नाही. म्हणून रक्त कमी होतं, तोंड येतं, जुलाब होतात, केस जातात. या निरोगी पेशी बहुधा लवकर सावरतात. दोन केमोंमध्ये अनेकदा एकवीस दिवसांचं अंतर ठेवतात ते त्यांना उसंत मिळावी म्हणून.

यातली काही औषधं आपल्या ओळखीच्या झाडांतून आलेली आहेत. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिनक्रिस्टिन मिळालं. रक्ताच्या कर्करोगातून कितीतरी मुलं वाचली त्यात त्याचा वाटा आहे. सह्याद्रीच्या जंगलात वाढणाऱ्या नरक्यात कॅम्पटोथेसिन असतं. इरिनोटिकॅन आणि टोपोटिकॅन ही औषधं त्यापासून बनतात. त्याच्या लाकडाची चोरटी तोड होते, ती त्यामुळेच. आणि बालकांच्या ल्युकेमियावर १९४७ साली बोस्टनला डॉ. सिडनी फार्बर यांनी जे अमिनोप्टेरिन वापरलं, ते अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत तयार झालं होतं आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

प्रत्येक औषधाचा त्रास देण्याचा ढंग निराळा. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला आणि कानांना जपून द्यावं लागतं, म्हणून आधी-नंतर सलाईनच्या बाटल्या. ऑक्झालिप्लॅटिन घेतलेल्याला गार पाण्याचा घोट घेतला तरी घशात झिणझिण्या येतात. फ्रिजचं दार उघडतानाही हातमोजे घालावेसे वाटतात. पॅक्लिटॅक्सेल आणि व्हिनक्रिस्टिन बोटांच्या नसांवर बसतात. 'माझ्या मेहुण्याला तर काहीच झालं नाही' या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नसतो. मेहुण्याचं औषध वेगळं होतं.

डे-केअरमध्ये डॉक्सोरुबिसिन देताना पाहावं. लालभडक औषध, सगळे त्याला 'लाल केमो' म्हणतात. सिस्टर चालू सलाईनच्या नळीत ते हळूहळू सोडत असतात आणि नजर औषधावर नाही, पेशंटच्या हातावर असते. 'मावशी, आग होतेय का? चुरचुरलं तरी सांगा. सहन करू नका हं.' कारण हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथलं मांस जाळतं. सांगितलं तर सुई तिथंच थांबते. नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ती औषधाच्या रंगामुळे. हे आधी कळलं नाही तर माणूस रक्त जातंय म्हणून रात्रभर जागा राहतो.

वेडाची गोळी

केमो म्हटलं की सिनेमातला माणूस बेसिनवर वाकलेला दिसतो. ऐंशीच्या दशकापर्यंत ते चित्र खरंही होतं. १९९१ मध्ये अमेरिकेत उलटी रोखणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉनला मान्यता मिळाली, २००३ मध्ये अप्रेपिटंटला, आणि चित्र पालटलं. आज कोणत्या केमोनं किती उलट्या होतील याचा अंदाज आधीच बांधून त्याप्रमाणे गोळ्या दिल्या जातात. त्या उलटी होऊ नये म्हणून असतात. झाल्यावर घ्यायच्या नसतात. 'आज बरं वाटतंय, कशाला घेऊ' म्हणून पहिल्या तीन दिवसांतली गोळी चुकवणारे तिसऱ्या रात्री पस्तावतात. ऑन्डान्सेट्रॉननं पोट मात्र घट्ट होतं, त्यालाही औषध असतं, पण कुंथत बसलेला माणूस ते कुणाला सांगत नाही.

या गोळ्यांत ओलान्झापिन असते. मूळची ती मानसिक आजारावरची. गावातला औषधवाला चिठ्ठी पाहून म्हणतो, 'ही वेडाची गोळी आहे, कशाला दिलीय?' आणि पाकीट तसंच कपाटात जातं. खरं तर मळमळीवर ती फार गुणकारी आहे. अडचण एकच, तिनं गुंगी येते. टाटा मेमोरियलमध्ये मुख्यतः स्तनाच्या कर्करोगाच्या २७५ रुग्णांवर याचाच अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीची १० मिलिग्रॅमची मात्रा, निम्म्यांना फक्त २.५. छोटी मात्रा मळमळ थोपवण्यात कमी पडली नाही आणि गुंगी पुष्कळच कमी आली. हा निष्कर्ष २०२४ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त छापून आला. 'दिवसभर डोळे मिटतात हो' अशी तक्रार कुणी केलीच नाही, तर असा प्रश्न कुणाला पडणार?

काहींना रुग्णालयाच्या वासानंच, कुणाला टॅक्सी त्या वळणावर आली की उमळून येतं. याला नाटक म्हणू नये. शरीर मागची आठवण धरून ठेवतं. त्यावरही आदल्या रात्रीची गोळी असते, समुपदेशन असतं.

शंभर पॉइंट चार

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. गंमत अशी की नेमक्या याच दिवसांत माणसाला बरं वाटायला लागलेलं असतं. मळमळ गेलेली, जेवण जातंय, मग लग्नाला जाऊन यावं, जत्रा करावी. काकूंचा दहावा दिवस असाच होता.

घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप ही या काळात तातडीची बाब आहे. सकाळची वाट पाहायची नाही, आपल्या मनानं तापाची गोळी घ्यायची नाही. तिनं पारा उतरतो, जंतू तिथंच राहतात. थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप नसतानाही फोन करायचा. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं असा दंडक आहे. म्हणून दारात पहिलं वाक्य 'ताप आलाय' हे नसावं. 'केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली, आणि ताप आलाय' असं असावं. केमोची फाइल दाराजवळच्या खुंटीला टांगलेली बरी.

काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या, वाढवायची इंजेक्शनं मिळतात. ती घेतल्यावर कंबर, मांड्या, हाडं ठणकतात. आजार हाडात उतरला की काय या विचारानं लोक हादरतात. मगज कामाला लागला म्हणून ते दुखणं असतं, दोन-चार दिवसांत जातं.

स्वयंपाकघरातलं राजकारण

केमो सुरू झालेल्या घरात आहारतज्ज्ञांचा पूर येतो. शेजारीण गव्हांकुराचा रस आणते, आत्याबाई पपईच्या पानांचा, मावसभाऊ कुठल्याशा वैद्याचं भस्म. नकार देणं अवघड, कारण त्यामागं माया असते. पण काउंट पडलेला असताना न शिजवलेल्या रसातून जंतू जाऊ शकतात, काही भस्मांत जड धातू असतात, आणि काढ्यातलं काय केमोच्या औषधाशी भांडेल हे कुणी तपासलेलं नसतं. यकृत आणि मूत्रपिंड आधीच राबत असतात. घ्यायचं असेल ते डॉक्टरांना दाखवून घ्यावं. रागावतील म्हणून लपवू नये.

रोजचं जेवणच औषधासारखं वापरता येतं. फोडणीच्या वासानं मळमळत असेल तर पेशंटला स्वयंपाकघरापासून लांब बसवावं आणि निवलेलं अन्न द्यावं; वास कमी येतो. दहीभात, मऊ खिचडी, मेतकूट-भात, नाचणीची पेज, उकडलेलं अंडं, वरणाचं दाट पाणी. दोन वेळा ताटभर वाढण्यापेक्षा सहा वेळा वाटीभर. तोंडाला लोखंडाची चव येत असेल तर लिंबू, आमसूल कामी येतं. तोंड आलं असेल तर हीच दोन्ही वर्ज्य. तेव्हा गार दूध, साय, लोणी, गाळून घेतलेली खीर. ग्लासभर कोमट पाण्यात चिमूट-चिमूट मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भराव्यात, ब्रश मऊ असावा. आणि मिश्री बंद. हे शेवटचं बायका कधीच आपणहून सांगत नाहीत. खुबीनं विचारावं लागतं.

जुलाब नेहमीपेक्षा दिवसात चार-पाच वेळा जास्त झाले तर फोन करावा, हाही विषय सुनेला सांगायला सासऱ्यांची जीभ अडखळते. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात. दिल्लीच्या एम्समध्ये २६४ रुग्णांवर पाहिलं गेलं की साधं डायक्लोफिनॅकचं मलम लावलं तर हा त्रास पुष्कळ कमी होतो: मलमवाल्यांत जेमतेम ४ टक्के, इतरांत १५. दुखऱ्या गुडघ्याला लावतात तेच मलम. पण पाय दाखवले तरच डॉक्टर ते लिहून देणार.

आणि ताट-वाटी वेगळी करू नये. कॅन्सर लागत नाही. केमोनंतर दोन दिवस संडास-लघवीतून औषध बाहेर पडतं, तेवढे दिवस भरपूर पाणी ओतावं, ओकारी साफ करताना हातमोजे घालावेत. बाकी नातवंडांना खुशाल कुशीत घ्यावं, सर्दी-पडशाचं पोर तेवढं दूर ठेवावं.

केस, आणि त्याच्या पलीकडचं

सगळ्याच केमोनं केस जात नाहीत. ज्यांनी जातात त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उशीवर पुंजके दिसू लागतात. विधवांचं सक्तीचं केशवपन ज्या समाजानं केलं आणि पाहिलं, तिथं बाईच्या उघड्या डोक्याकडं नुसती आजाराची खूण म्हणून कुणी पाहत नाही. नवरा जिवंत असलेल्या बाईला आरशासमोर काय वाटतं हे पुरुषांना सांगूनही कळायचं नाही. २०१८ मध्ये अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांनी आपले कापलेले केस, मग तुळतुळीत डोकं सगळ्यांसमोर ठेवलं, त्याचा परळच्या रांगेपर्यंत परिणाम झाला. अभिनेते शरद पोंक्षे यांनी आपल्या दुखण्यावर 'दुसरं वादळ' हे पुस्तक लिहिलं. नावाजलेली माणसं बोलली की बाकीच्यांची भीड चेपते. केस गळायच्या आधी आपणच बारीक कापून घेतले तर धक्का थोडा कमी बसतो. पुन्हा येतात ते कधी कुरळे येतात.

केस निदान दिसतात. न दिसणारं जास्त अडतं. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, ब्लाउजचा हूक लागत नाही, सुईत दोरा जात नाही. हे नसांचं दुखणं. वेळेत सांगितलं तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. 'चालायचंच' म्हणून रेटलं तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. पाळी थांबते. जवळीक नकोशी होते, दुखते. विशी-तिशीतल्यांना पुढं मूल हवं असेल तर वीर्य, बीजं किंवा गर्भ गोठवून ठेवण्याची सोय पहिल्या केमोच्या आधी करावी लागते. नंतर विचारून फारसा उपयोग नसतो. गॅसवर दूध ठेवलेलं विसरतं, शब्द ओठावर येऊन थांबतात. आणि काही जण संध्याकाळी विनाकारण रडतात. यातलं प्रत्येक सांगण्याजोगं आहे. मनाच्या त्रासासाठी मोठ्या कर्करोग रुग्णालयांत वेगळे डॉक्टर असतात, आणि केंद्र सरकारचा टेलिमानस हा १४४१६ क्रमांक मराठीतूनही बोलतो.

मुक्काम, पैसा, सोबत

बाहेरगावच्या माणसाचा पहिला दुष्परिणाम म्हणजे मुंबई. एकवीस दिवसांचं चक्र, त्यात काउंट नाही आला तर आणखी आठवडा. राहायचं कुठं? परळची नाना पालकर स्मृती समिती, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांसारख्या जागांनी ही गरज वर्षानुवर्षं पेलली आहे. मुलांसाठी सेंट ज्यूड्सची घरं २००६ पासून आहेत. जागा बहुधा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाच्या चिठ्ठीनं मिळते. फूटपाथवर पथारी टाकण्याआधी त्या खिडकीशी जावं.

पैशाचंही तिथंच कळतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन यावं. रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीला रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ होतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून काम करते. टाटामध्ये 'केवट' या नावानं मार्गदर्शक तयार केले जातात. कुठली खिडकी, कुठला मजला, रिपोर्ट कधी, हे ते सांगतात. रामाला गंगापार नेणाऱ्याचं नाव त्यांना दिलंय ते उगाच नाही.

आणि आधी यातून गेलेली माणसं. धर्मशाळेच्या ओट्यावर संध्याकाळी बसलेली बाई नव्या आलेलीला सांगते, 'अगं, तिसऱ्या दिवशी तसंच होतं. पाचव्याला भाकरी मागशील.' या वाक्यात जे बळ असतं ते छापील पत्रकात नसतं. पण ओट्यानं औषध बदलून देऊ नये, एवढी हद्द दोन्हीकडून पाळावी.

सोबत्याकडंही कुणी पाहावं. मास्तरांना मधुमेह आहे; त्यांची स्वतःची गोळी त्यांच्या वहीत कुठंच नव्हती. काकूंनी आता तोही रकाना आखून घेतलाय.

ऐकणारं कोण?

रुग्णानं सांगितल्यानं खरंच फरक पडतो का? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ७६६ रुग्णांवर हे ताडून पाहिलं. कर्करोग शरीरात पसरलेला, केमो चालू. काहींना नेहमीप्रमाणं भेटीच्या वेळी विचारलं. बाकीच्यांनी मळमळ, थकवा, धाप अशा बारा त्रासांची नोंद नियमितपणे टॅबलेट संगणकावर करायची. त्रास वाढला की नर्सला लगेच निरोप जायचा. २०१७ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा: नेहमीच्या गटातले रुग्ण मध्यमानानं २६ महिने जगले, नोंद करणारे ३१.२ महिने. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. वेळेवर सांगितलं, आणि पलीकडं कुणीतरी ऐकलं.

यातला दुसरा भाग आपल्याकडं जास्त लंगडा आहे. ओपीडीत 'बरं आहे ना?' या प्रश्नाला मराठी माणूस 'बरं आहे, डॉक्टर' असंच म्हणणार. मागं चाळीस जण उभे आहेत हे त्याला दिसत असतं. म्हणून तीन ओळी आधी लिहून न्याव्यात: या वेळी सर्वांत जास्त काय छळलं, किती दिवस, त्यावर काय घेतलं. कागद टेबलावर ठेवला की तो वाचला जातो.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं उघडण्याची घोषणा झाली. बीडच्या माणसाची केमो बीडलाच झाली तर प्रवास वाचेल, मजुरी वाचेल, धर्मशाळेतली जागा दुसऱ्या कुणाला मिळेल. पण बाटली चढवून संध्याकाळी घरी पाठवणं म्हणजे अर्धंच काम. उरलेलं अर्धं दहाव्या रात्री घरात घडतं, आणि तेव्हा उचलला जाणारा फोन, तासाभराच्या अंतरावर अँटिबायोटिक आणि केमोतलं जाणणारा माणूस लागतो. खाटांची संख्या मोजणाऱ्यांनी हेही मोजावं.

तोवर ज्याची केमो ठरली आहे त्यानं संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: 'रात्री दोनला ताप आला तर मी कुणाला फोन करू?' नंबर कागदावर लिहून मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नये.